सुरतेत घेतलेला निर्गुडीचा शेक

पोलादपूर-महाडकर मंडळी, आताच सायबर कॅफेत येऊन बसलोय. कंबर अजून चुरचुरतेय.

गोण्या उचलून कंबर धरली होती. गावाहून येताना आयेने बांधावरची निर्गुडी सुकवून दिलेली, ती आज काढली. मिठाबरोबर तव्यावर गरम केली, जुन्या लुंगीच्या तुकड्यात पुरचुंडी बांधली. खोलीतला बिहारी दोस्त हसला, "क्या पका रहा है भाई?"

पुरचुंडी कमरेला लावली आणि ओरडलोच! चांगलाच चटका बसला.

गावी शेजारच्या काकूच्या मोबाईलवर फोन लावून आयेला बोलावून घेतलं. ती म्हणाली, "येड्या, आधी गालाला लावून बघायची. मी नाय का बघायची?"

मला कसं ठाऊक असणार? शेक घेताना मी पालथा पडलेला असायचो. तिचा गाल मला कधी दिसलाच नाय.

"आये, तुझी कंबर दुखली तर तुला कोण शेकतं गो?"

"मला काय धाड भरलीय? म्हस हंबरतेय, ठेव आता."

शिमग्याला सुट्टी मागितलीय. मिळाली तर पहिल्यांदा तिला पालथी झोपवणार, आणि पुरचुंडी आधी माझ्या गालाला.

तुमच्या आयेला कोण शेकतं रे?