दारावरची पितळी पाटी

अण्णा नगरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मामी रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या. भंगारात निघालेल्या वाफेच्या इंजिनांच्या पितळी नंबरपाट्या त्या जमवतात आणि चिंचेच्या कोळाने घासून लख्ख ठेवतात. त्यांचं मराठी तंजावरचं, जुन्या वळणाचं. वाक्य संपताना सूर तमिळसारखा वर जातो.

मध्यंतरी सोसायटीने सगळ्यांच्या दारांवर एकसारखे प्लास्टिकचे नंबर लावले. मामींनी आपल्या दारावरचा काढला आणि तिथे इंजिनाची जाडजूड पाटी ठोकली. आमचे सेक्रेटरी नागपूरचे. ते समजावायला आले.

"मामी, कुरियरवाले गोंधळतात हो. पाटी आत लावा ना."

"इंजिन मोडलें तेव्हां कोणी मला विचारलें नाहीं," मामी म्हणाल्या. "आतां मीही कोणास विचारणार नाहीं. पाटी येथेंच राहील."

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी पाटी काढायला सुतार पाठवला. मामी दारासमोर खुर्ची टाकून पाटीला पाठ लावून बसल्या. सुताराला त्यांनी तमिळमध्ये शांतपणे सांगितलं, "कॉफी पी आणि जा." तो कॉफी प्यायला आणि खरंच गेला.

मी माझ्या दारातून हे सगळं बघत होतो. मामींनी मला पाहिलं, त्या आत गेल्या आणि आणखी एक पाटी छातीशी धरून आल्या.

"तुमच्या दारावर लावूं?"

मी भाडेकरू. घरमालक काय म्हणेल, हा विचार मनात आलाच. तरी पुढे होऊन मी पाटीचं दुसरं टोक धरलं.