संपलेल्या सेलचा रकाना

राजेश्वरीबाई आमच्या पळसदेवात पंधरवड्यातून एकदा येतात आणि आल्या आल्या एखाद्या पोराच्या पाठीमागं उभं राहून स्टीलचा डबा वाजवतात. नव्या माणसाला वाटतं, बाईंचं काहीतरी बिनसलंय. बाई मूळच्या कोऱ्हाळे बुद्रुकच्या, नोकरी इंदापूर तालुक्यात. कमी ऐकू येणाऱ्या, कमी दिसणाऱ्या पोरांच्या त्या विशेष शिक्षिका. अशी पोरं गावोगाव विखुरलेली, एक या वस्तीवर, एक त्या मळ्यात. आणि बाई एकट्या. त्यामुळं कुठल्या घरी कधी जायचं याचं नियोजन करण्यात त्यांचा अर्धा जन्म गेलाय.

ते नियोजन टाईप करायला त्या माझ्या दुकानात येतात. झेरॉक्स, फोटो, ऑनलाईन फॉर्म. पाटीवर 'सर्व कामे होतील' असं लिहिलंय, त्याचा खरेपणा मलाच माहीत.

आमच्या घरातलं त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे माझी पुतणी छकुली, वय चार. तिला शिबिरात कानामागं लावायची दोन मशीनं मिळाली. डॉक्टर म्हणाले, "उठल्यापासून झोपेपर्यंत घालायची." माझ्या आईनं, म्हणजे द्वारकाबाईनं, मन लावून ऐकलं, घरी आली आणि मशीनं पैठणीच्या घडीत ठेवून कपाटाला कुलूप लावलं. आमच्याकडं चांगली वस्तू वापरायची नसते. सोफ्यावरचं प्लॅस्टिक दादाच्या लग्नापासून तसंच आहे.

लग्नकार्य, जत्रा आणि बाई, एवढ्यालाच मशीनं बाहेर यायची. रस्त्यावर बाईंची स्कूटी वाजली की आई कपाटाकडं पळायची. बाई दारात येईपर्यंत छकुलीच्या कानाला मशीनं, कपाळाला टिकली. बाई वहीत 'मशीन आहे' अशी खूण करायच्या. असे आठ महिने गेले. पोरगी मात्र बोलेना. बाई काळजीनं म्हणायच्या, "पाच वर्षांच्या आत शब्द कानात पडले पाहिजेत, नाहीतर पुढं फार अवघड जातं."

मग ऑफिसातून तपासणी आली. तेवीस पोरांची मशीनं, भिंगं बघितली. एकावर ओरखडा नाही! शेरा पडला, 'देखभाल उत्कृष्ट.' आणि उत्कृष्ट म्हटल्यावर पुढच्या वर्षाच्या आराखड्यात सूचना आली की आता घरभेटींची गरज नाही, पालकांनी मुलांना महिन्यातून एकदा इंदापूरला आणावं. ऊस, भाजी, जनावरं सोडून कोण नेणार होतं? आमच्या घरचंच सांगतो, दोनदा नेलं असतं आणि तिसऱ्यांदा विसरलो असतो.

बाई हा आराखडा घेऊन दुकानात आल्या. मी फुशारकीनं म्हणालो, "बाई, आमची मशीनं अजून नवी कोरी हायत."

"सेल किती संपले रे, अविराज?"

"एक पण न्हाय. सेलांचं पहिलंच पाकीट चाललंय."

ते बारके सेल रोज वापरले तर आठ-दहा दिवसांत संपतात, हे मला तेव्हा कुठं माहीत होतं? बाईंनी पर्स उचलली. "चल घरी. स्कूटी राहू दे हितंच."

आम्ही चालत गेलो. छकुली अंगणात बसली होती, कान मोकळे. आई दारात गवार मोडत होती. बाईंना बघून तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आजी, मशीनं कुठं हायत?"

"कपाटात."

"आणि तुमचा चष्मा?"

"डोळ्यावर. न्हायतर गवार दिसायची कशी?" आई बोलली, आणि बोलल्यावर तिला कळलं. पण हार मानेल ती द्वारकाबाई कसली! "चष्मा तीनशेचा हाय, बाई. हे हरवलं तर आमाला परत कोण देणार?"

बाई चिडतील असं मला वाटलं. त्या खाली बसल्या, गवार मोडायला घेतली. "हरवलं तर मी हाय, कागद करायला. आणि हरवणार पण न्हाय." मग त्यांनी दोरा मागितला, मशीनांना गोफ बांधून छोट्या चिमट्यानं फ्रॉकला अडकवला, आणि आईकडून तो तीनदा लावून घेतला.

पुढचे आठ दिवस बाई तेवीस घरं न कळवता फिरल्या. मशीनं कुठं देव्हाऱ्यात, कुठं तांदळाच्या डब्यात. कमी दिसणाऱ्या एका पोराचं भिंगही मखमलीच्या डबीत निघालं. सगळी कशी जपून!

मग त्या टाईप करायला आल्या. आराखड्यात नवा रकाना, 'संपलेले सेल'. पालकांनी रिकामे सेल ठेवायचे, बाईंनी घरभेटीत मोजायचे. त्याच्यावर एक ओळ, 'आठ महिने मी केलेल्या नोंदी चुकीच्या आहेत.'

मी थांबलो. "बाई, ही ओळ कशाला? तुमच्यावरच शेकंल."

"ती न्हाय लिहिली तर घरभेटी का पायजेत हे कसं पटणार? टाईप कर. आणि 'चुकीच्या' मधली की दीर्घ हाय."

इंदापूरच्या बैठकीला पालक म्हणून मी आणि आई गेलो. साहेबांनी ती ओळ वाचली, चष्म्यावरून बघितलं. "मग आठ महिने तुम्ही काय करत होता, मॅडम?"

"फसत होते, साहेब."

तेवढ्यात आई उठली. सबंध आयुष्यात ती कुठल्या बैठकीत बोललेली नव्हती. "ह्यांना मी फसवलं, साहेब. ह्या न्हाय आल्या तर आमी परत कपाटात ठिवू. आमचा काय भरवसा न्हाय."

एवढा प्रामाणिक अर्ज त्या ऑफिसात आधी कधी आला असेल असं मला वाटत नाही. घरभेटी चालू राहिल्या. पंधरा दिवसांतून एक, न कळवता.

तीन महिन्यांनी छकुली माझे झेरॉक्सचे कागद फाडून होड्या करत बसली होती. मी पाठीमागून म्हणालो, "ए, ठेव ते!" ती वळली. मला जीभ दाखवली आणि म्हणाली, "ना." पुन्हा कागद फाडायला लागली.

मी बाईंना फोन करून झालेलं सांगितलं. बाई म्हणाल्या, "कागद किती फाडले?"

"सगळे."

"फाडू दे."