तोंड तिचं, आवाज माझा

“आवाज तुझा राहू दे. तोंड नको.”

एवढं बोलून दादासायबानं कॅमेरा माझ्यावरून काढला आन् त्याच्या वहिनीवर नेला. माझ्या हातातला पान्हा घेऊन तिच्या हातात दिला.

मी कर्जतला पाण्याच्या मोटारी भरते. वाइंडिंगचं काम, जळल्या मोटारीत नवी तार गुंडाळायची. बापाकडून शिकले. बाकीचं घर ऊसतोडीला जातं. मी रंगानं काळी. दादासायब बागायतदाराचा पोरगा. त्याच्याच शेडमध्ये मी कामाला हुते. दुरुस्तीचे व्हिडिओ काढायचं त्याच्या डोक्यात आलं. पहिला माझाच काढला. कुणी बघितला न्हाई.

दुसऱ्यात तेच काम, तेच बोलणं. फक्त तोंड वहिनीचं. गोरं. व्हिडिओ गावोगाव पोचला.

“ॲप गोरी बाई वर ढकलतं. मी काय करू?” तो म्हणला.

बाजारात बाया तिच्यासंगं फोटो काढायच्या. मी शेडमध्ये तार गुंडाळत बसायचे. लई हेवा वाटायचा. तिच्या गालांचा, मानेचा, मनगटाचा. पान्हा उलटा धरला तरी लोक वाहवा करायचे. आतून नुसती जळायचे.

भाऊ ऊस तोडतो, तरी त्याच्या मोबाईलवर नव्या मोटारींच्या, पंपांच्या जाहिराती यायच्या. माझ्या मोबाईलवर गोरं व्हायची क्रीम. मी बी मोटारीच शोधायचे. तरी क्रीमच. शेवटी घेतली. गाल सोलून निघाले.

मग एक शेतकरी व्हिडिओ बघून पार कोल्हारवरनं जळकी मोटार घेऊन आला.

“ताई, ही कशानं जळली असंल?” त्यानं वहिनीला विचारलं.

तिनं माझ्याकडं बोट केलं. “तिला विचारा. ती आमच्या हाताखाली असती.”

मी सांगायला लागले तसा तो चमकला. “आवाज तर हिचाच हाय की!”

वहिनी हसली. दादासायब बी हसला.

तवा डोक्यात लख्ख पडलं. ॲपला मी दिसत नसंन. पण ही दोघं तर माझ्यासमोर बसली हुती, त्यांना तर मी दिसत हुते.

मी उठले. “माझा आवाज काढा. सगळ्या व्हिडिओतनं.”

“मग तुला बघणार कोण?” दादासायब म्हणला.

“नका बघू.”

आता त्याचं शेड सोडून स्वतःच्या पत्र्याखाली बसते. मोबाईल डब्याला टेकवते, सोललेलं तोंड समोर धरते आन् बोलते. बघणारे थोडेच. वहिनी अजून वर हाय. ती दिसली की अजून हेवा वाटतो. वाटू दे. माझं काम माझ्याच तोंडानं बाहेर जाईल. न्हाईतर जाणार न्हाई.