इराच्या शाळेसाठी घर

"इंटरव्ह्यू कोण घेणार? हेडटीचर स्वतः, की क्लासटीचर?" सकाळी पहिल्या शाळेसमोर गाडीतून उतरता उतरता परागनं विचारलं.

"कुणीच नाही," मी म्हटलं. "इथे इंग्लंडात सरकारी शाळा मुलांचा इंटरव्ह्यू घेत नाहीत. आपण नुसती शाळा बघायला आलोय."

त्याला ते पटलेलं दिसलं नाही. मागच्या सीटवर त्याची बायको मीनल सात वर्षांच्या इराकडून पुन्हा घोकून घेत होती. माय नेम इज इरा. आय लाइक पेंटिंग. फेब्रुवारीच्या थंडीत पोरीला फ्रॉक घातला होता. केस दोन्ही कानांवर ओढून पिनांनी पक्के बसवले होते.

मी रिलोकेशन कन्सल्टंट आहे. कंपनी एखाद्याला परदेशातून बोलावते, तेव्हा त्याच्या कुटुंबाला घर आणि शाळा शोधून देणं हे माझं काम. यात घर आणि शाळा वेगळी काढता येत नाहीत. प्रत्येक शाळेचं कॅचमेंट असतं, म्हणजे तिच्या आसपासचा असा भाग की जिथल्या मुलांना आधी जागा मिळते. घर चुकलं की शाळाही चुकते. परागची नोकरी लंडनजवळ स्लाऊला होती. ऑफिसच्या जवळच एक बागेचं घर त्याला आवडलं होतं आणि एजंटला संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

स्लाऊ, वॉटफर्ड आणि ईलिंगच्या शाळांचा तक्ता तो पुण्याहूनच करून घेऊन आला होता. लीग टेबलप्रमाणे, म्हणजे परीक्षेच्या निकालांवरून लावलेल्या क्रमवारीप्रमाणे, शाळा वरून खाली. सकाळची ती पहिली शाळा स्लाऊची. उत्तम होती. हेडटीचरनं इराला मागून काहीतरी विचारलं, ती वळली नाही. मीनलनं तिच्या खांद्याला हात लावला.

"शाय आहे ती," पराग घाईनं म्हणाला.

मी मान डोलावली. लाजाळू मुलं मी पुष्कळ पाहिली होती.

तिथे वेटिंग लिस्ट होती. वॉटफर्डलाही तेच, हे मला फोनवरून आधीच कळलं होतं. म्हणून दुपारी ईलिंगला आलो.

"मॅडम, ही तर टेबलमध्ये पार तळाला आहे," फाटकातच पराग म्हणाला. "पोरीचं नुकसान करायला एवढ्या लांब आलो का आम्ही?"

"इथे आज जागा आहे. बघून तर घ्या."

सेक्रेटरी हसून म्हणाली, हेडटीचर असेंब्लीत आहेत, तुम्हीही हॉलमध्ये या. आम्ही मागच्या भिंतीशी उभे राहिलो. शाळेतली सगळी मुलं लाकडी जमिनीवर मांडी घालून बसली होती. पियानोवर पावसावरचं एक गाणं चाललं होतं. ते संपलं, वाजवणाऱ्या बाईंनी पियानोवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि तेच गाणं पुन्हा सुरू झालं. पण आवाज नव्हता. सगळी मुलं ते हातांनी म्हणत होती.

पुढे उभी राहून ते म्हणवून घेत होती चार-पाच मुलं. त्यांच्या कानांत हिअरिंग एड होते, निळे, लाल, एक तर चमकीचा. बोटं थेंब होऊन खाली आली. तळवे नदी होऊन वाहत गेले. शीख, सोमाली, गोरी, गुजराती, सगळ्या पोरांचे हात एका वेळी वळत होते. कुणी चुकलं तर शेजारचं त्याचा हात धरून नीट करत होतं. मला फक्त स्वेटरच्या बाह्यांची सळसळ ऐकू येत होती.

माझा नवरा अरुण जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. घरात शांतता नको म्हणून मी रेडिओ लावून झोपायची. शांतता इतकी भरलेली असू शकते हे मला माहीत नव्हतं. मी पाहत राहिले.

गाणं संपलं. टाळी वाजली नाही. सगळ्यांनी हात वर करून बोटं हलवली, वाऱ्यावर पानं हलावीत तशी. आणि माझ्या शेजारी, कुणी न सांगता, इराचे दोन्ही हात वर गेले.

मीनल खाली वाकली. तिनं इराची एकेक पिन काढली आणि केस कानांमागे सारले. दोन्ही कानांमागे कातडीच्या रंगाची यंत्रं होती.

"मीनल!" पराग दबक्या आवाजात म्हणाला.

"राहू दे रे आता."

पुढचा चमकीवाला मुलगा इराकडे पाहत होता. त्यानं आपल्या कानाकडे बोट केलं, मग तिच्या. इरा पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदा हसली असावी. निदान माझ्यासमोर तरी पहिल्यांदाच.

कॉरिडॉरमध्ये पराग भिंतीला टेकला. "पुण्यात तीन शाळांनी इंटरव्ह्यूनंतर नाही म्हटलं, मॅडम. चौथ्या शाळेत लपवलं, तेव्हा घेतलं. इथे फॉर्मवर लिहिलं तर काढून टाकतील ना?"

"उलट आहे," मी म्हटलं. "लिहिलं तरच मदत मिळते. या शाळेत हिअरिंग युनिट आहे, म्हणजे अशा मुलांसाठी वेगळे शिक्षक. पण युनिटमधली जागा इथली नगरपालिका, कौन्सिल, तपासणी करून ठरवते. मिळेलच असं मी सांगू शकत नाही. वर्गात जागा मात्र आहे."

"काकू, ही मुलं कमी मार्क मिळवतात म्हणून शाळा खाली आहे का?" मीनलनं विचारलं.

"तेही एक कारण असेल. टेबलमध्ये हातांसाठी कॉलम नाही."

पराग भिंतीपासून दूर झाला. मग त्यानं एजंटला फोन लावला आणि बागेचं घर सोडून दिलं. संध्याकाळपर्यंत या शाळेच्या कॅचमेंटमधला, दुकानावरचा एक फ्लॅट त्यानं घेतला.

माझी बॉस दुसऱ्या दिवशी चिडली. "माणसाचं ऑफिस स्लाऊला, तू त्याला ईलिंगला दुकानावरच्या फ्लॅटमध्ये टाकलंस? तेही तळाच्या शाळेसाठी?"

"क्लायंटनं निवडलंय," मी म्हटलं.

इराला वर्गात लगेच घेतलं. युनिटसाठी कौन्सिलनं बरेच महिने लावले. मीनलनं फोन करकरून त्यांना जेरीस आणलं, तेव्हा जागा मिळाली. पराग रोज ट्रेननं स्लाऊला जायचा आणि गाड्यांना होणाऱ्या उशिराबद्दल कुरकुरायचा. इरानं पहिल्याच उन्हाळ्यात निळे एड घेतले.

तेव्हापासून मी नव्या कुटुंबाला आधी शाळांचा तक्ता दाखवत नाही. मूल कसं आहे ते विचारते. "एकदम नॉर्मल" असं उत्तर आलं, की चहा मागवते आणि पुन्हा विचारते.