गुहेतली धून, सात मात्रांत

त्या गटात ‘छान’ लिहायला बंदी होती. ‘वाईट’ लिहायलाही होती. ऐकणाऱ्याने रचनेतली जागा मिनिट-सेकंदांत सांगायची, तिथे काय ऐकू आलं ते लिहायचं आणि काय करून बघता येईल ते सुचवायचं. रचना करणाऱ्या माणसाबद्दल एक शब्दही नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. गट ई-मेलवर चालायचा. व्हिडिओ गेममधलं संगीत घेऊन ते नव्याने बांधणारे लोक त्यात होते, कोणी कॅनडात, कोणी फिनलंडमध्ये, कोणी ब्राझीलमध्ये. नवी रचना आली की तिघे जण ती ऐकून अभिप्राय लिहीत. दोघांनी मान्य केली की ती गटाच्या पानावर चढे, नाहीतर परत येई. दुरुस्त करून ती एकदाच पाठवता येत असे. दुसऱ्यांदा परत आली की विषय संपला.

मी बेंगळुरूच्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. एका लेखातली माहिती पडताळताना हा गट सापडला. संगीतातलं मला कळत नव्हतं, पण अभिप्रायाचे नियम आमच्या डेस्कवरच्या नियमांसारखेच होते, म्हणून राहिलो. संध्याकाळच्या पाळीआधी, सकाळी चामराजपेटेतल्या घराजवळच्या सायबर कॅफेत जाऊन हेडफोन लावायचा, ऐकायचं आणि चार ओळी लिहायच्या. चार ओळींत आटपतो म्हणून तिथे माझी गणना बऱ्या श्रोत्यांत होई.

रचना करणारी व्यक्ती मात्र आमच्याच घरात होती. वहिनी पुण्याच्या. लग्नाआधी त्या गाण्याच्या कार्यक्रमांत हार्मोनियमची साथ करत. बेंगळुरूला आल्यावर साथ सुटली आणि घरी कीबोर्डची शिकवणी सुरू झाली. मुलं शाळेच्या गॅदरिंगसाठी सिनेमाची गाणी शिकायला येत आणि गॅदरिंग संपलं की येईनाशी होत.

व्हिडिओ गेम माझ्या मोठ्या भावाने, म्हणजे अण्णाने आणला होता. टीव्हीला जोडायचा डबा आणि त्यात घालायच्या पिवळ्या कॅसेटी. अण्णा होसकोटेच्या कारखान्यात होता. सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की तो खेळायला बसे आणि एका गुहेत अडके. गुहेच्या टोकाला वरून दगड पडत आणि दर वेळी अण्णा त्याच दगडाखाली सापडे. खेळ पुन्हा गुहेच्या तोंडाशी येई, तीच धून पुन्हा सुरू होई.

“अहो, उजवीकडे सरका की!” वहिनी स्वयंपाकघरातून ओरडत. “धून तिसऱ्यांदा वर चढली की दगड पडतो. मला न बघता कळतं, तुम्हाला बघून कळत नाही?”

“तूच खेळ मग,” अण्णा म्हणे.

वहिनी खेळल्या नाहीत. त्यांनी ती धून कीबोर्डवर बसवली. मूळ धून चार-चारच्या सरळ ठेक्यात होती. त्यांनी ती सात मात्रांच्या रूपकात बांधली, वर बासरी आणि खाली तबला. कीबोर्डमध्ये तबल्याचे चांगले आवाज होते, म्हणूनच तो घेतलेला होता. मी गटाबद्दल सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “पाठवा भाऊजी. इथे आल्यापासून माझं स्वतःचं असं काही कोणी ऐकलेलं नाही.”

गटाला मी नातं कळवलं आणि या रचनेवर मत देणार नाही असंही कळवलं. कीबोर्ड तारेने अण्णाच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडून फाइल फ्लॉपीवर उतरवली. ती मी कॅफेतून पाठवली.

अभिप्राय आठवड्याभरात आले. मी ते छापून घरी आणले आणि जेवणाच्या टेबलावर मराठीत वाचून दाखवले. पहिल्याने लिहिलं होतं की अकराव्या सेकंदापर्यंत बासरी उत्तम श्वास घेते, बाराव्या सेकंदाला पंचाची शिट्टी वाजते आणि ती पुढे थांबत नाही. दुसऱ्याला शिट्टीबरोबर घंटा ऐकू आली होती, आणि कंगव्यावरून काडी ओढल्यासारखी खरखर. हे विनोदाने केलं आहे का, असं त्याने सभ्यपणे विचारलं होतं. तिसरा फिनलंडचा होता. त्याने दोनच वाक्यं लिहिली होती. तालवाद्य पूर्ण काढा. काढलंत तर मी मान्य करेन.

“शिट्टी?” वहिनी म्हणाल्या. “कुठली शिट्टी?”

“बाराव्या सेकंदाला.”

“बाराव्या सेकंदाला तबला सुरू होतो!”

आई भात वाढत होती. ती म्हणाली, “स्वल्प हळू बोल गं. शेजारी ऐकतील, शिट्ट्या वाजवते म्हणतील.”

वहिनींनी ताट सरकवलं. “ह्या लोकांनी आयुष्यात तबला ऐकलेला नाही. चेष्टा करतायत सरळ. लिहा त्यांना. लिहा की सात मोजता येत नसतील तर बोटं वापरा.”

“असं लिहिता येत नाही,” मी म्हणालो. “माणसाबद्दल लिहायचं नाही.”

“त्यांनी माझ्याबद्दलच लिहिलंय!”

“शिट्टीबद्दल लिहिलंय. तिघे तीन देशांत आहेत, एकमेकांचं मत त्यांना आधी दिसत नाही. दोघांना शिट्टी ऐकू आली, तिसऱ्याला तिथेच खटकलं. तीन वेगळ्या बातमीदारांनी एकच जागा सांगितली तर आम्ही डेस्कवर बातमीदाराला नाही, जागेला तपासतो.”

“भाऊजी, तुम्ही घरी तरी पेपर बंद करत जा.”

पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कॅफेत आल्या. मी त्यांना हेडफोन दिला. अकरा सेकंद त्या डोळे मिटून होत्या. बाराव्या सेकंदाला त्यांनी डोळे उघडले, हेडफोन काढून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावला. आवाज मोठा होता. बाहेरसुद्धा ऐकू येत होतं. शिट्टी, शिट्टी, घंटा, खरखर, घंटा, खरखर, घंटा.

कॅफेचा मालक काउंटरवरून म्हणाला, “एन मॅडम, ट्रॅफिक पोलिसा?”

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी रचना शेवटपर्यंत ऐकली. सात मात्रांत एकही चूक नव्हती. पंच, घंटा आणि कंगवा अतिशय काटेकोर रूपक वाजवत होते.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. त्या फाइलमध्ये आवाज नसतोच. कुठली पट्टी, केव्हा आणि किती जोरात दाबली, एवढ्या सूचना असतात. आवाज ऐकणाऱ्याच्या कॉम्प्युटरमधलं कार्ड पुरवतं. बासरीच्या जागी जगभर बासरीच वाजते, पण तालवाद्यांच्या ओळीत प्रत्येक पट्टीला वेगळं वाद्य नेमलेलं असतं. वहिनींच्या कीबोर्डने ज्या पट्ट्यांवर तबला ठेवला होता, त्याच पट्ट्यांवर बाकी जगाने शिट्टी, घंटा आणि खरखर ठेवली होती. अण्णाच्या कॉम्प्युटरला आवाजाचं कार्डच नव्हतं. घरी जे ऐकलं ते कीबोर्डमधून ऐकलं. पाठवताना कॅफेत लावून बघावं हे कोणाच्या मनात आलं नव्हतं, कारण घरी तर ते उत्तम वाजत होतं.

“म्हणजे तबला फक्त आपल्या घरात आहे,” वहिनी म्हणाल्या.

“हो.”

“आणि बाकी सगळीकडे हा पोलीस.”

फिनलंडच्या श्रोत्याने दिलेली वाट सोपी होती. ताल काढायचा आणि फाइल पाठवायची. त्याचं मत मिळणारच होतं. पहिल्याने बासरीबद्दल चांगलं लिहिलेलं होतं, म्हणजे दुसरं मतही जवळपास हातात होतं. मी तसं सांगितलं.

“ताल काढला की उरतं काय?” वहिनींनी विचारलं. “गेमवाल्यांचीच धून, माझ्या बासरीवर. त्यात माझं काय? ताल जाणार नाही. पोलीस जाईल.”

नंतरचे काही आठवडे शिकवणीची मुलं यायच्या आधी, दुपारी त्या कॅफेत बसत. कॅफेच्या कार्डात तालवाद्यांची प्रत्येक पट्टी कसली वाजते ते त्यांनी ऐकून काढलं. तबला नव्हताच. डग्ग्यासाठी खालचा मोठा ढोल चालला, पण त्याची आस, म्हणजे घुमणं, लांबत राही आणि पुढची मात्रा गिळत असे. ‘ना’ या बोलासाठी लाकडी ठोकळा मिळाला. तो कोरडा होता, पण स्पष्ट. ‘तीं’साठी बोंगो हळू वाजवला तर बरं वाटे. ठेक्याला फार थोडे आवाज उरले होते, म्हणून मधले भरणे, उठाण, ही सगळी सजावट त्यांनी काढून टाकली. घरच्या कीबोर्डवर ही फाइल आता विचित्र वाजायची. तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

मत देता येत नसलं तरी कॅफेत ऐकून घरी सांगायला मला बंदी नव्हती. वहिनींनीच अट घातली की गटाच्या नियमानेच सांगायचं.

“बाविसाव्या सेकंदाला मी पडलो,” मी म्हणालो.

“पडलो म्हणजे?”

“पाय चार मोजत होता. चौथ्यानंतर पुढची ओळ सुरू होईल असं वाटलं. झाली नाही. मग शेवटपर्यंत कुठे आहे ते कळलं नाही.”

“सात मात्रा आहेत, भाऊजी. खाली-भरी आहे. सगळ्यांना घास भरवत बसू का आता?”

“मला सात आहेत हे माहीत आहे, तरी पडलो. कॅनडातल्या माणसाला माहीत नाही.”

“सरी, असू दे,” आई आतून म्हणाली, “त्याला कळलं नाही तर नाही कळलं. लहानपणी आरतीलासुद्धा हा चुकीच्या जागी टाळी द्यायचा.”

वहिनी माझ्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवी फाइल दिली. तिच्यात गुहेची मूळ धून आधी चार-चारमध्ये, जशीच्या तशी, एकदा पूर्ण होत होती. मग बासरी थांबे. एकटा ठेका सातमध्ये दोन आवर्तनं जाई, मोकळा, मोजायला सोपा. त्यावर बासरी परत येई. मी पडलो नाही. तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

पुन्हा पाठवण्याआधी आणखी एक अट होती. दुरुस्त रचना पाठवणाऱ्याने आधी दुसऱ्या तिघांच्या रचनांवर अभिप्राय लिहायचे. वहिनी कॅफेत ऐकून घरी मराठीत सांगत, मी इंग्रजीत उतरवत असे. पहिलाच अभिप्राय त्यांनी ‘प्रयत्न छान आहे’ असा सांगितला. मी लिहिला नाही.

“का? चांगुलपणाने सांगतेय.”

“त्याला त्याचं काय करता येईल?”

त्यांनी ती रचना पुन्हा ऐकली आणि दोन जागा सांगितल्या. तिसरी रचना पंचाची शिट्टी ऐकणाऱ्याची निघाली. आता ह्याची खोड मोड, असं अण्णाने बाजूने सुचवलं. वहिनींनी त्याला दगडाखाली जायला सांगितलं. ती रचना त्यांनी इतर दोन्हींपेक्षा जास्त वेळा ऐकली आणि सांगितलं, “लिहा. एक मिनिट चार सेकंदांपासून पुढे बासरीला श्वास घ्यायला जागाच नाही. ही बासरी आहे, सायकलचा पंप नव्हे.” मग म्हणाल्या, “पंप काढा. लिहा की प्रत्येक ओळीचा शेवटचा सूर अर्ध्यावर सोडून बघा.”

त्याने तसं करून पाहिलं आणि गटाला कळवलं की रचना सुधारली आहे.

वहिनींची दुरुस्त रचना गेली. या खेपेला कॅफेच्या दोन वेगवेगळ्या कॉम्प्युटरांवर ऐकून गेली. मालकानेही ऐकली. पोलीस नाही, असं त्याने प्रमाणपत्र दिलं.

निकाल आला. पहिल्या दोघांनी मान्य केली. शिट्टीवाल्याने लिहिलं होतं की एकट्या ठेक्याच्या जागी त्याने मोजणं सुरू केलं आणि दुसऱ्या आवर्तनात त्याला सात सापडले. फिनलंडच्या श्रोत्याने नाकारली. दोन मिनिटं एकेचाळीस सेकंदांवर बासरी आणि ढोल एकदम थांबतात, त्यामुळे रचना संपत नाही, तुटते, असं त्याचं म्हणणं होतं. बासरी मात्राभर पुढे जाऊ द्या.

दोन मतं पुरेशी होती. आईने शिरा केला. अण्णाने गेम बंद करून टीव्हीवर बातम्या लावल्या, हा त्याच्या परीने सत्कार होता. वहिनी कीबोर्डशी बसून शेवट पुन्हा पुन्हा वाजवत होत्या.

“तो बरोबर सांगतोय,” त्या म्हणाल्या.

“मान्य झालीय,” मी म्हणालो. “पानावर चढेपर्यंत बदलता येते, पण बदललीत तर मान्यता रद्द होते. तिघे पुन्हा ऐकणार. दुरुस्तीची संधी वापरून झालीय. आता परत आली तर संपलं.”

“तुमच्या पेपरात चूक दिसली आणि पान अजून छापायला गेलेलं नसलं, तर काय करता?”

“पान थांबवतो.”

“मग?”

त्यांनी बासरी एक मात्रा पुढे नेली. सकाळी आम्ही दोघे कॅफेत गेलो. त्यांनी शेवट तीनदा ऐकला आणि पाठवायचं बटण स्वतः दाबलं. पुढचे आठ-दहा दिवस वाट बघण्यात गेले. शिकवणीची मुलं येत होती, अण्णा दगडाखाली जात होता.

तिघांनी पुन्हा ऐकली. पहिल्या दोघांची मतं कायम राहिली आणि रचना पानावर चढली. फिनलंडच्या श्रोत्याने शेवट आता नीट झाल्याचं नोंदवलं आणि एक मिनिट पन्नास सेकंदांवरची एक नवी जागा दाखवून पुन्हा नकार दिला. वहिनींनी ती जागा कॅफेत दोनदा ऐकली.

“इथे तो चुकतोय,” त्या म्हणाल्या आणि का चुकतोय ते मला सविस्तर सांगू लागल्या. मी ते इंग्रजीत उतरवून घेतलं.