तार जिती का मेली

काठी रस्ता सोडून बाजूच्या शेतात शिरली.

"मामा, तिकडनं नको! वर तार हाय!" मी बोंबलले. कोण ऐकतंय? ढोल, हलगी, पिपाणी, गुलाल. सगळं गाव "चांगभलं" म्हणत गेटाकडं सरकत व्हतं. आणि सगळ्यात म्होरं, काठी कमरेला लावून, माझा नवरा.

आदी सांगते, न्हायतर तुमाला कळायचं न्हाय. मी तवा रेल्वेची गेटवाली. बाबा लाइनीवर कामाला व्हते, ड्यूटीवरच गेले, त्यांच्या जागी मला घेतलं. शिक्षण दहावी, तेबी दुसऱ्या खेपेला. गेट माझ्या सासरच्या गावाला लागूनच. स्टेशनातनं फोन आला की गेट पाडायचं, गाडी गेली की उघडायचं. लेक तवा अजून अंगावर पीत व्हती. सासू न्हाय, घरी बघणार कोण? म्हणून गुमटीत, म्हंजे गेटाच्या खोलीत, तिची झोळी बांधलेली. परवानगी नव्हती. कुणी विचारलंबी नव्हतं.

आणि काठी म्हंजे जोतिबाची सासनकाठी. ह्यो उंच कळक, म्हंजे बांबू, कापडानं मढवलेला, शेंड्याला निशाण. एक गडी बुडखा कमरेला लावून उचलतो, बाकीचे चारी अंगानं दोरं धरून तोल सांभाळतात. आमच्या गावात एकदा उचलली की डोंगरापत्तोर आडवी करायची न्हाय. तिरकी चालती. आडवी झाली तर गावावर काय तर येतं म्हणतात.

त्याच आठवड्यात नव्या विजेच्या गाड्या सुरू झालत्या. मच्छे गावच्या कारखान्याला, बेळगावला बाजाराला, कॉलेजला जाणाऱ्या माणसांसाठी. म्होरं इंजिनच न्हाय, मोटर डब्याखालीच. छपरावर एक लोखंडी हात असतो, पँटोग्राफ म्हणतात त्याला. तो वरच्या तारेला घासत पळतो आणि करंट घेतो. तारेत पंचवीस हजार व्होल्ट. ट्रेनिंगला सांगितलं व्हतं, हात लावायलाबी लागत न्हाय, जवळ गेलं तरी वडून घेती. वल्ला कळक तर इचारूच नका. आणि काठीला त्या दिवशी सकाळीच आंघोळ घातलेली.

म्हणून गेटाच्या दोनी अंगाला रस्त्यावर आडवा लोखंडी बार असतोय, हाइट गेज. उसाची गाडी उंच भरली तर तितंच अडकावी म्हणून. माणसांनी काय केलं, बार चुकवला आणि शेतातनं काठी घातली.

गेल्या साली तारा व्हत्या, पण करंट सोडला नव्हता. डिझेलच्याच गाड्या. काठी तिरकी करून नेली, तारेला घासून गेली, काय झालं न्हाय. सगळा घोळ तितंच झाला.

मी पळत गेले. मामा, म्हंजे माझं सासरं, ह्या काठीचे मानकरी.

"मामा, पाया पडते, आडवी करून न्या."

"काय म्हणालीस?"

"आडवी. तारेत करंट हाय."

"गाडी कुटं हाय? गाडी न्हाय तर करंट कुठला? बटन दाबल्याबिगर पंखा फिरतो व्हय घरात?"

"तसं नसतंय मामा. ह्यात चोवीस तास..."

पाठीमागनं कोण तरी वरडलं, "आण्णा, सुनेला रेल्वे मिळाली, आता देवालाबी शिग्नल दावती!" सगळी हसली.

"गेल्या साली घासली की गं," नवरा म्हणाला. गुलालानं त्याचं तोंड वळखू येईना. काठी उचलायची त्याची पयलीच खेप. "लई वज्झं हाय. बाजूला हो रूपे."

मी परत गुमटीत. गेट आदीच पाडलेलं व्हतं, नवी गाडी सुटायची वेळ झालती. पण गेटाचा दांडा गाड्यांना अडवतो. माणसं खालनं वाकून येतात. फोन लावला.

"एन आयतम्मा?" स्टेशन मास्तर म्हणाले. काय झालं, म्हणून.

"सर, करंट बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"काय बोलता? नव्या गाडीत मोठे साहेब बसलेत. गेट बंद आहे की नाही?"

"गेट बंद हाय सर. माणसं बंद न्हाईत. काठी घेऊन येताहेत, तारेपेक्षा उंच."

 मग म्हणाले, "कंट्रोलला सांगतो. लाइनवर राहा."

करंट स्टेशन मास्तरांच्या हातात नसतो. ते कंट्रोलला सांगणार, तितनं बंद हुणार. मी फोन कानाला धरून हुबी. पलीकडं कायच न्हाय. खिडकीतनं दिसलं, निशाण तिरकं व्हायला लागलंय. रुळाकडं वाकायला लागलंय.

फोन तसाच लोंबत सोडला. लाल बावटा घेतला, भायेर येऊन हलवला. एक गडी माझ्याकडं बघून जास्तच नाचाय लागला. त्याला वाटलं मीबी नाचतेय.

मग मी आत गेले आणि झोळीतनं लेकीला उचललं. का, ते मला अजून नीट सांगता येत न्हाय. माझ्यासाठी काठी थांबली नसती. रुळाच्या मधोमध, तारेखाली, तिला छातीशी धरून हुबी राहिले.

"आणा आता! आदी हिच्यावर आणा!"

लेक झोपेतनं उठून भ्याली, रडाय लागली. हलगी थांबली. मग ढोल.

"रूपे! लेकराला घेऊन सर तितनं!" नवरा वरडला.

"काठी खाली ठेव."

"ठेवायची न्हाय रं!" मामा म्हणाले. "ठेवलीस तर घरात पाय टाकू नगंस."

त्यानं बापाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. लेकीकडं बघितलं न्हाय. मग काठी घेऊनच तो खाली बसला. दोरंवाल्यांनी तोल सावरला, आणि काठी हळूहळू शेतात आडवी झाली. पाणी पाजलेलं शेत. निशाण चिखलात. चांगभलं कुणीच म्हटलं न्हाय.

मढं न्यावं तशी खांद्यावरनं काठी रुळापलीकडं नेली. नवी गाडी आलीच न्हाय. अलीकडंच कुटंतरी करंटाबिगर हुबी व्हती, साहेब आत घामाघूम.

मला आफिसात बोलवलं. साहेबांनी शांतपणे विचारलं.

"तुम्ही लाइनवर गेलात तेव्हा करंट बंद झालेला होता. माहीत आहे?"

"न्हाय सर."

"मग फोन का सोडला? लाइनवर राहा म्हणून सांगितलं होतं ना?"

"राहिले की सर लाइनीवर."

मला दुसरं काय म्हणायचं नव्हतं. त्यांना वाटलं मी उलट बोलतेय. गुमटीत मूल ठेवलं, रुळावर मूल नेलं, फोन सोडला. तीन दोष. गेट काढून घेतलं. आता स्टेशनात झाडूला हाय. तितं लेकीला नेता येत न्हाय, शेजारणीकडं ठेवते. दूध सुटलं तिचं.

करंट आदीच बंद झालता, ही गोष्ट गावात यायला दोन दिवस लागले न्हाईत. "नव्हताच म्हणं करंट! सुनंनं फुकट देव चिखलात घातला." मी सांगून बघितलं, बंद केला तो माझ्याच फोननं केला. ते कुणाच्या कानात गेलं न्हाय. मान दुसऱ्या घराकडं गेला. मामांनी लेकाला घरात घेतलं, पण माझ्या हातचं पाणी घेत न्हाईत.

नवरा मारत न्हाय, शिव्या देत न्हाय. एकदाच बोलला, जेवता जेवता. "करंट असता तर बरं झालं असतं गं. निदान तुझं खरं तरी झालं असतं."

मी भाकरी वाढली. 

नव्या गाड्या आता रोज जातात. गार, गप, बिनधुराच्या. माणसं खूश हायत. मी शिकले ते एवढंच: तार बघून कळत न्हाय जिती का मेली, आणि ज्याला कळतं तो सांगायला येत न्हाय.

तुमी सांगा. फोन गप, नवरा काठीखाली, लेक झोळीत. तुमी तितं आसता तर काय केलं आसतं?