मेणाचे दोन दात

सेठनं आबांना तोंडावर सांगितलं, "पुढच्या लॉटला डाग दिसला तर घरी बसायचं." माझे वडील पलसाण्याच्या मिलमध्ये साड्यांचं पॉलिएस्टर कापड रंगवायचे आणि कापडावर रंग न चढलेले पांढुरके पट्टे येत होते. रंगारी कामचुकार, असा सगळ्यांनी निकाल लावून टाकलेला. असा संताप आला म्हणता! मी तेव्हा एम.एस्सी.ला होते. आमच्या लॅबमध्ये नुकतंच पदार्थ ओळखणारं इन्फ्रारेडचं मशीन आलं होतं. डागाचं कापड उचललं आणि निघाले.

पहिली पंचाईत अशी की त्या कापडातून किरण आरपार जाईना. आणि मला तर फक्त वरचा थर बघायचा होता! त्यासाठी एक पिवळा स्फटिक होता. त्यावर कापड घट्ट दाबायचं. किरण स्फटिकाच्या आतच उड्या मारतो आणि कापडाला वरवर शिवून परत येतो. कागदावर पेन सरकला आणि अहाहा, रेघेत दोन खोल दात! तेला-मेणाची खूण, नुसत्या पॉलिएस्टरला तिथे जेमतेम ओरखडा उठतो. मी ओरडलेच. मग डाग नसलेला तुकडा लावला, तर तिथेही तेच दात. कपाळावर हात मारला! सकाळी केसांना खोबरेल चोपडून त्याच हातांनी मी कापड चाचपत बसले होते.

स्फटिक पुसला, नवे तुकडे चिमट्यानं धरले. आता दात फक्त डागावर.

धावतच भेस्तानला घरी आले. "आबा, मेण आहे मेण! तुमच्या रंगाचा दोषच नाही, हे रंगवण्याआधीच, विणताना लूमवर लागतंय!" खोबरेलाची फजितीही सांगून टाकली; मी फक्त नाचायची बाकी होते. आबा हळूच म्हणाले, "ते मीच शिकाडेल शे, पोरी." आधी ते सेठच्याच लूमवर होते. ताण्याचा उभा धागा तुटू नये म्हणून त्यावर मेणबत्ती घासायची युक्ती त्यांनीच आपल्या धुळ्याकडच्या माणसांना दिलेली.

सकाळी त्यांनी सेठसमोर स्वतःचंच नाव घेतलं. "काढायचं तर मला काढा. पण आधी कापडाचा एक ताका सोडा टाकून, उकळत्या पाण्यात धुऊन रंगवू द्या." ताका बाहेर आला, एक डाग नाही! सेठनं उलटसुलट करून पाहिला आणि पुढचा लॉटही आबांनाच दिला.

संध्याकाळी आबांनी त्या ताक्याचा एक तुकडा कोऱ्या कागदात गुंडाळून आणला.

"मशीनवर दाबून बघ," म्हणाले. "मी हात लावला नाही त्याला."